समोरची रेघ

नेयाफू, १२ ऑगस्ट

लेसिएली बाळे,

मी बरी आहे. डुकरीण व्याली, सात पिल्लं. होणारा नवरा कसा आहे ते लग्नाआधी कळव, नंतर कळवून काय उपयोग.

टॅबवर नक्षी काढायला तू सगळं लावून दिलंस ते चालतंय. बटणं मोठाली, डाव्या हाताला. हात थरथरला तरी रेघ सरळ. तुझ्या आईच्या केवड्याच्या फळाच्या कुंचल्याचा फोटो घालून केलेला कुंचलाही तस्साच उमटतो. आणि ती आरशाची सोय, मी उजवीकडे ओढलं की डावीकडे आपोआप उठतं. शेजारची वाइमोआना म्हणाली, "म्हातारे, काचेवर माश्या मारतेस का?" म्हटलं, "तुझ्या नवऱ्यापेक्षा जास्त काम करते ही काच."

पण डावीकडची रेघ माझी नसते. तिच्या टोकाला गळासारखं वळण येतं. साठ वर्षांत मी कधी असं वळण काढलं नाही. तू फोनवर म्हणालीस, "आजी, आरसा बंद कर, वरचं तिसरं बटण." केला. बंद झाल्याचं वाइमोआनानेही पाहिलं. मग मी एक रेघ ओढली आणि हात मांडीवर ठेवला. भरदुपार, दार सताड उघडं. डावीकडे रेघ उठली. सावकाश. वळण घेऊनच.

वाइमोआना चप्पल न घालताच घरी गेली.

ते वळण कुणाचं, तुला ठाऊक आहे. तुझी आई डावरी. त्या वळणापायी मी तिच्या बोटांवर किती मारलंय.

झाडाच्या सालीचं कापड रंगवायला बाई एकटी बसत नाही. फळीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बसतात. आजारपणात तुझी आई तुझ्या लग्नाचं कापड घेऊन बसली, तेव्हा तीनदा निरोप आला, "आई, समोर येऊन बस." मी कळवलं, पाठ धरलीय. तुलाही तेच सांगितलं. पाठीला काही झालं नव्हतं. माझं न ऐकता तिने नक्षी बदलली, त्याचा राग होता. अर्धं कापड एकटीने रंगवून ती गेली.

उरलेली नक्षी आता काचेवर होतेय. दोन ओळी राहिल्यात. तू म्हणतेस शुक्रवारी येऊन सगळं पुसते, नव्याने लावून देते. ये, टॅरोचे कंद उकडून ठेवते. पण टॅबला हात लावायचा नाही.

मी रेघ ओढते आणि थांबते. ती हल्ली उशीर लावते. लावू दे. तिनेही वाट पाहिली होती.

आता समोर बसलेली,
तुझी आजी मेलेनाइते