बत्तिसावं पान

बाबा, तुमच्या नाटकाच्या संहितेत एकतीसनंतर थेट तेहतिसावं पान येतं, हे तुम्ही गेल्यानंतरच्या अकरा वर्षांत पहिल्यांदाच कोणाच्या तरी लक्षात आलं. नवीन पनवेलच्या एका हौशी मंडळाने ते नाटक पुन्हा बसवायला घेतलंय. दिग्दर्शक कॉलेजात शिकवतात. सोमवारी त्यांचा फोन आला, "मॅडम, बत्तीस कुठाय?" मी म्हटलं, बाबांनी कापलं होतं. "युद्धाचं असणार," ते आवाज खाली आणून म्हणाले. "सर त्याबद्दल कधी बोलायचे नाहीत ना. असेल तर द्या, परत घालू. रविवारपर्यंत सांगा." विचार करून सांगते, म्हटलं. पान माझ्याकडेच आहे, इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या जुन्या फाइलमध्ये. ते का कापलं गेलं हे फक्त मला माहीत आहे, असं मी शुक्रवारपर्यंत धरून चालले होते. दिलं तर ते लोकांसमोर वाचलं जाणार, आणि त्यातली मुलगी मी आहे.

तोफगोळ्याने तुमचा डावा कान पूर्ण नेला, उजवा अर्धा ठेवला, आणि मांडीत लोखंडाचे तीन तुकडे सोडले. हे मला तुमच्या कागदपत्रांवरून माहीत आहे, तुमच्याकडून नाही. सैन्यातून परत आल्यावर तुम्ही जासईच्या एका कंटेनर यार्डात गेटवर सुरक्षा पर्यवेक्षक झालात आणि रद्द झालेल्या गेटपासच्या कोऱ्या बाजूवर नाटकं लिहायला लागलात. पहिलं नाटक यार्डातल्याच माणसांनी केलं. नायक क्रेन चालवायचा, उरणकडचा. तालमीत तो हात जोडून म्हणाला, "साएब, मरताना एवढं कोन बोलतं? आमच्यात असं नाय. मी दोन शब्दांत मरतो, चालंल?" तुम्ही अर्धं पान तिथेच फाडलंत. पुढे सिनेमावाले घरी यायला लागले. त्यांच्यासाठी तुम्ही तीन चित्रपट आणि एक मालिका लिहिलीत, आणि एकातही बंदूक नाही. एक निर्माता जेवायला बसला असताना म्हणाला, "तुम्ही सैनिक माणूस, पटकथेत एखादा बॉम्ब टाका ना." तुम्ही त्याला आमटी वाढत म्हणालात, "एक टाकला होता. माझ्यावर." आई स्वयंपाकघरात हसली ते बाहेर सगळ्यांना ऐकू आलं. तुम्हाला नाही.

माझ्या लहानपणीचा दर रविवार: सकाळी आपण गच्चीवर असतो. तुम्ही पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्चीवर, मी जिन्याच्या दाराशी. मधलं अंतर मी टेपने मोजलंय, चौदा मीटर. तुम्ही आठवडाभर लिहिलेलं मी वाक्यावाक्याने वाचते. ऐकू आलं तर तुम्ही हात वर करता, नाही आलं तर पुन्हा. तिसऱ्यांदाही हात वर गेला नाही की मी पेन्सिलने ते वाक्य खोडायचं. बारा वर्षांची असताना एकदा कंटाळून मी किंचाळून वाचलं. तुम्ही लंगडत चौदा मीटर चालून आलात. "ओरडायचं नाही. ओरडलं की कुठलंही वाक्य पोचतं. त्यात वाक्याची काही करामत नाही." मग तुम्ही परत चौदा मीटर चालून गेलात आणि खुर्चीत बसलात. मला त्या दिवशी भयंकर राग आला होता. आता कामावर कोणी आवाज चढवून बोलायला लागलं की मी मनातल्या मनात पेन्सिल काढते.

बत्तिसावं पान आलं तेव्हा मी सोळा वर्षांची होते. तुमच्या नाटकातला पहारेकरी गेटवर थांबलेल्या ट्रकवाल्याशी गप्पा मारतोय. "आज पोरीचं गॅदरिंग आहे," तो सांगतो. "माझा आवाज मोठा होतो, मला कळत नाही. लोक हसतात, ती खाली बघते. म्हणून मीच साहेबांकडून ड्युटी मागून घेतली." मी आधी मनात वाचलं आणि मान वर करता येईना. मी चौथीत, नऊ वर्षांची असताना शाळेच्या हॉलमध्ये तुम्ही पहिल्या रांगेतून आईला विचारलं होतंत, "आपली कुठली गं? ती जाडी का?" हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत हशा गेला. घरी येताना मी तुम्हाला सांगितलं, पुढच्या वर्षी आई एकटीच येऊ दे. पुढच्या वर्षी तुम्हाला ड्युटी लागली. मला बरं वाटलं होतं. ती तुम्ही मागून घेतली होतीत, हे मला गच्चीवर, कागद हातात धरून कळत होतं.

मी ते हळू वाचलं. कागद तोंडासमोर धरला आणि तीन वेळा, दर वेळी आधीपेक्षा हळू. तुमचा हात वर गेला नाही. "काप," तुम्ही म्हणालात, "पुढचं घे." दोन वर्षांनी तुम्ही गेलात. तुमच्या बहिऱ्या कानाचा मी फायदा घेतला, ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही, नोकरीच्या जागी नाही, मैत्रिणीला नाही, आईलाही नाही.

शुक्रवारी विचुंब्याच्या आमच्या नव्या घरात आई कोलंबी सोलत होती. मी समोर बसले आणि एकदम म्हणाले, "आई, बत्तिसावं पान मी मुद्दाम हळू वाचलं होतं."

"माहितेय."

"काय माहितेय?"

"अगं, स्वतः लिहिलेलं माणसाला पाठ असतं. त्यांना त्यात काय ऐकायचं होतं? तुझ्याकडे बघायचे. कुठे अडखळतेस, कुठे दम लागतो. नटाला काय जड जाणार ते त्यांना तेवढ्यात कळायचं."

"मग ते हात वर करणं? चौदा मीटर?"

"ते तुझ्यासाठी. तुला नियम लागतात."

मला हसू आलं, आणि राग पण. "आणि ते पान?"

"खाली येऊन म्हणाले, तिला नकोय ते, राहू दे. आणि चहा मागितला."

"मला का नाही सांगितलंस कधी?"

"तू विचारलंस का कधी? बापलेक दोघं सारखीच. ती कोलंबी सोल ना, नुसती धरून काय बसलीस?"

न्हावा शेव्याला मी क्रेनच्या वजनमापक यंत्रांची तपासणी करते. तिथे जो आकडा वाचतो त्याला अपेक्षित आकडा आधी सांगायचा नाही, हा नियम आहे. सांगितला की त्याला तोच दिसतो. इतकी साधी गोष्ट तेरा वर्षं मला तुमच्या बाबतीत सुचली नाही. तुम्हाला वाक्यं आधीच पाठ होती; तुमची ती चाचणी कुठल्याच हिशेबाने ग्राह्य धरता आली नसती, आणि मी तिच्या निकालावर माझा गुन्हा ठरवून बसले होते. त्या दिवशी मी तीन वाट्या कोलंबीचं कालवण खाल्लं.

काल पान टाइप करून दिग्दर्शकांना पाठवलं. तासाभरात त्यांचा फोन. "मॅडम, हे युद्धाचं नाहीच!" जरा हिरमुसल्यासारखे वाटले. मग म्हणाले, "मी बायकोला वाचून दाखवलं. ती उठून आत गेली. घालतोय आपण. काही दुरुस्ती आहे का?" मी नाही म्हटलं. प्रयोगाला मी आईला घेऊन जाणार आहे आणि पहिल्या रांगेत बसणार आहे. फाइलमध्ये त्या पानाची जागा आता रिकामी आहे, तिथे हे पत्र ठेवीन. दुसरीकडे कुठे पाठवायचं, तेही मला माहीत नाही.

खरं तर एक दुरुस्ती होती. तुमचा पहारेकरी ट्रकवाल्याला सांगतो, "दुसरीत आहे हो, सात वर्षांची. एवढ्याशा पोरीला काय कळतं?" मी नऊ वर्षांची होते, बाबा, आणि मला सगळं कळत होतं. हे तुम्हालाही पक्कं माहीत होतं. टाइप करताना त्या शब्दावर मी बराच वेळ थांबले. मग सातच राहू दिलं.