तीनदा प्रभू

३ नोव्हेंबर
आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तसं झालं माझं. सुनेच्या घरात कोपराही मिळेना, आणि इथे डोंगरावरच्या प्रार्थनागृहात स्वैपाकाला आले तर स्वतःची खोली, खालून ऊब येणारी जमीन! इथलं सगळं चालवणाऱ्या पाळकबाई दाराशी येऊन म्हणाल्या, मालसुन आजी, हे आता तुमचंच घर. इथे वीस-पंचवीस जण आहेत. कुणाला फिट येतात, कुणी स्वतःशीच बोलतं, कुणाला घरच्यांनी नुसतंच आणून सोडलंय. आल्या आल्या हिवाळ्याच्या लोणच्याला, किमचीच्या कोबीला, मीठ लावायला बसले. पुन-ई नावाची मुलगी मदतीला होती. तिला फिट येतात, पण हात चटपटीत. खारट पान तोंडात टाकत म्हणाली, आजी, तुमच्या सुनेपेक्षा मी बरी ना? मेली फार लाघवी आहे.

५ नोव्हेंबर
इथली प्रार्थना काय सांगू! पाळकबाई हात वर करतात, सगळे तीनदा 'प्रभू!' असं ओरडतात, आणि तिसऱ्यानंतर ज्याचं त्याचं गाऱ्हाणं, एकदमच, जिवाच्या आकांतानं. शेजारच्याचं शेजारच्याला ऐकू येत नाही. खालच्या गावात कौतुक होतं म्हणे, केवढी ही भक्ती! मी सुनेच्या नावानं पोटभर रडून घेतलं.

९ नोव्हेंबर
पुन-ईला फिट आली. पाळकबाई म्हणाल्या, आत भूत आहे, उपाशी ठेवलं की निघेल. मागच्या खोलीत कोंडलंय तिला. मी खिडकीतून पेजेचा वाडगा सरकवला. देवाला ते वाईट दिसणार नाही.

१२ नोव्हेंबर
वाडगा सापडला. कुणी दिला, असं सगळ्यांसमोर विचारलं. बाहेर बर्फ पडत होतं, आणि मला जायला दुसरं घर नाही. मी म्हणाले, तिनंच चोरला असेल. भुताला कुलूप काय करणार! पुन-ई माझ्याकडे बघत राहिली. माझं नाव काही तिनं घेतलं नाही.

१३ नोव्हेंबर
आज भूत काढलं. मला तिच्या पायांवर बसवलं. छातीवर चौघं. ती आजी, आजी करत होती. मग तीनदा प्रभू झालं, आणि पुढचं काही ऐकू आलं नाही. सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडत होते.

१४ नोव्हेंबर
पुन-ई गेली. पाळकबाई म्हणतात, भूत गेलं. तिच्या घरच्यांचा निरोप आला — तुम्हीच पुरून टाका.

१६ नोव्हेंबर
पुन-ईच्या चौकशीला हवालदार आला होता. पाणी देताना त्याच्या कानात सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, तोंड पुसलं, आणि पाळकबाईंना म्हणाला, म्हातारीचं डोकं फिरलंय, जरा जपा.

बहुतेक १९
मागची खोली. वही कमरेला होती म्हणून लिहितेय. पाणी देत नाहीत. त्या म्हणतात, पुन-ईचं भूत माझ्यात शिरलंय. किमचीचा वास येतो. मुरली असेल.

रविवार
गावातले वर आलेत. आणि तो खोकला — किल्सूचा. माझा मुलगा! त्याला सांगताहेत, आई उपासाला बसलीय. प्रार्थनेआधी हाक मारायला हवी — घशातून आवाज —

प्रभू! — पहिलं —

किल्सू, मी इथे —

दुसरं — त्यात त्याचाही आवाज — खणखणीत —

बाळा, तिसऱ्याआधी —