मायला सांगितलेला अर्थ

पेडगाव,
दि. ११ फेब्रुवारी १९७६

चि. चंद्रभान यास कमलअक्काचे अनेक आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत. मायला डाव्या डोळ्यानं आता अजिबात दिसत नाही. हे पत्र मी परभणीला जाऊन टाकीन. इथला टपालवाला हल्ली तुझी पाकिटं उन्हात धरून बघतो.

मागच्या सोमवारी मुंबईचे दोघे जीपमधून आले. साध्या कपड्यात होते. तू कुठं असतोस, विचारलं. माय म्हणाली, "गिरणीत."

एकजण हसला. "गिरणी केव्हाच सोडली त्यानं, मावशी. तुमचा मुलगा अंडरवर्ल्डमध्ये आहे."

ते गेल्यावर माय म्हणाली, "कमल, तू मास्तरीण. काय म्हणला गं त्यो?"

मी शाळेतला कोश काढला. पहिला अर्थ पाताळ. तेवढाच सांगितला.

"पाताळात? म्हंजे मुंबईतबी हिरी खंदायलाय व्हय?" माय खूश झाली. दुष्काळात तू किती विहिरी खणल्यास, हे शेजारच्या सुलाबाईला सांगून आली. कोशात खाली मेलेल्यांचं जग असाही अर्थ होता. त्याच्या खाली गुन्हेगारांचं. ते मी वाचून दाखवले नाहीत.

गुरुवारी तुझा मित्र बन्सीधर सोनपेठहून आला. दिवाळीत तू ठेवलेली ट्रंक मागत होता. "चंद्रभानची पुस्तकं न्यायची हायत." सातवीनंतर तू पुस्तक हातात धरलं नाहीस, चंद्रभान. चहा तसाच ठेवून तो सारखा रस्त्याकडं बघत होता. मी त्याला रिकाम्या हातानं लावून दिलं.

मग कुलूप फोडलं. वर परदेशी घड्याळं. तळाशी पासपोर्ट. फोटो तुझा, नाव भलत्याचंच.

इथपर्यंत लिहून दोनदा उठले.

ट्रंक मी पोलीस ठाण्यात नेऊन दिली. साहेबांनी विचारलं, "हा फोटो कुणाचा?" मी म्हटलं, "माझ्या भावाचा." खाली सही केली. मायला डोळ्याच्या दवाखान्यात न्यायला तू पंचवीसला येणार, हेही त्यांनी काढून घेतलं. नाही, खोटं कशाला लिहू? मीच सांगितलं.

मायला यातलं काही माहीत नाही.

बन्सीधरवर माझा विश्वास नाही. तुझ्यावरही आता पुरता राहिला नाही. पण पळालास तर जन्मभर त्या दुसऱ्या नावानं राहशील, आणि त्या नावाच्या माणसाला ना माय असेल ना बहीण. म्हणून ये. मायला मी दवाखान्यात नेईन. त्याआधी तुझ्यासोबत ठाण्यापर्यंत चालत येईन.

पंचवीसला परभणीच्या फलाटावर, पोलिसांच्या पुढं उभी असणारी,
तुझी अक्का