दिवस मावळायच्या आत दोन लिटर

मलकापूर (कराड),
१९ नोव्हेंबर २०२४

ती. आक्कास,
महावीरचा शिरसाष्टांग नमस्कार व जयजिनेंद्र. वि. वि.

तू फोन केला होतास म्हणे. मला नुसती शिट्टी ऐकू आली. कानातलं यंत्र फोन लावला की केकाटतं, आणि मी ओरडून बोललो की सगळी गल्ली दारात येते. म्हणून आपलं पत्रच बरं.

घाबरू नकोस, पण शौचाला रक्त दिसलं. दोनतीनदा दिसल्यावर कराडच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, खालून दुर्बीण घालून आतडं बघायला पाहिजे. दुर्बिणीचं मला काही वाटत नाही, तेव्हा गुंगीच देतात. भीती आहे ती आदल्या रात्रीची. आतडं आरशासारखं स्वच्छ लागतं म्हणे. त्यासाठी दोन लिटर पाण्यात पावडर कालवायची, निम्मी संध्याकाळी प्यायची आणि निम्मी पहाटे.

उंब्रजच्या लालासाहेबाला तू ओळखतेस. आपल्या खताच्या दुकानात यायचा, मिलिटरीतला. त्यानं मागं छोट्या बाटलीचं औषध घेतलं होतं. तो म्हणाला, गड्या, बाटली एवढीशीच, पण पळवलं लय, पलटणीतबी एवढं पळालो न्हाई. मी डॉक्टरांना म्हटलं, मला ती बाटली द्या. तर माझी किडनी थोडी कमजोर आहे, त्यामुळे ती चालणार नाही म्हणाले. गोळ्यांचाही एक प्रकार निघालाय, पण तो इकडे मिळत नाही.

अडचण तुला कळली असेलच. संसार अर्ध्यावर टाकून चंदना गेली त्या वर्षी मी मुनिमहाराजांसमोर नियम घेतला, दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा नाही. औषधाची सूट ठेवायचं तेव्हा सुचलं नाही. मन ठिकाणावर कुठं होतं. आता संध्याकाळचा लिटर कसा प्यायचा?

तुझी तपासणी गेल्या वर्षी झाली. तू काय घेतलंस, कसं घेतलंस, सगळं लिही. सन्मतीचा जर्मनीहून रविवारी फोन येतो. तो पडद्यावर दिसतो, हसतो, मी हात हलवतो. पोराला हे काही सांगितलेलं नाही.

तुझी माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझा,
महावीर

—

सांगली,
२५ नोव्हेंबर २०२४

चि. महावीर यास,
आक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी देवापुढे बसले, मग लिहायला घेतलं. रक्त दिसल्यावर डॉक्टरांकडे गेलास, हे शहाणपण तुझ्याकडून अपेक्षित नव्हतं. लहानपणी एरंडेल म्हटलं की तू कणगीमागे लपायचास आणि आई मला धाडायची तुला ओढून आणायला.

मी पावडरच घेतली होती. मला रात्री पाण्याची सूट आहे, म्हणून निम्मी संध्याकाळी घेतली. पहिला पेला बरा गेला. दुसऱ्याला चव कळली, मिठाच्या पाण्यात कुणीतरी साबण धुतल्यासारखी. तिसरा उलटून पडला. मग खालच्या मजल्यावरची क्रांती आली. ती शाळेत शिकवते, तिला सगळ्यांना दटावायची सवय आहे. तिनं औषध फ्रीजमध्ये गार करायला ठेवलं, नळीनं प्यायला लावलं आणि मधे मधे लिंबाची फोड चाटायला दिली. घाईनं पिऊ नका, पण थांबूही नका, असं म्हणत ती मोरीच्या दाराशी खुर्ची टाकून बसली. पहाटेचा निम्मा भाग त्यामुळे सोपा गेला. आदले दोन दिवस पालेभाजी, बिया, सालीची डाळ काही खाऊ नकोस. मऊ भात आणि ताक. आदल्या दिवशी नुसतं शहाळं, गाळलेलं सरबत, बिनदुधाचा चहा. लाल रंगाचं काही नको, आत रक्तासारखं दिसतं.

तुझ्या नियमाचं मी माझ्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तपासणी दुपारी उशिरा ठेवली तर सगळं औषध त्याच दिवशी सकाळी घेता येतं. आतडं तेवढंच साफ होतं, फक्त सकाळभर जिवाला स्वस्थता नसते. तेव्हा तुझ्या डॉक्टरांकडून दुपारची वेळ माग. लाजू नकोस.

आणि एक. बरोबर कोण येणार, ते तू लिहिलं नाहीस.

जपून राहा. तुझं अक्षर दिसलं की मला धीर येतो.

तुझी,
आक्का

—

मलकापूर,
१३ डिसेंबर २०२४

ती. आक्कास,
महावीरचा नमस्कार व जयजिनेंद्र. वि. वि.

डॉक्टरांनी दुपारची वेळ दिली. काल होती. पण तपासणी झाली नाही.

औषधाचं सगळं तू सांगितलंस तसं केलं. सूर्य वर आल्यावर णमोकार म्हणून पहिला पेला घेतला. फ्रीजमधलं गार पाणी, नळी, लिंबू. मोरीच्या दाराशी खुर्चीसुद्धा ठेवली, आपली उगीचच. तिच्यावर पंचा टाकला होता. दहा वाजेपर्यंत दोन्ही लिटर पोटात गेले आणि शेवटी शेवटी नुसतं पिवळसर पाणी पडायला लागलं. मला स्वतःचं कौतुक वाटलं. ते कुणाला तरी सांगावंसं वाटलं.

रिक्षानं दवाखान्यात गेलो. कपडे बदलून घेतले, हातात सुई लावली. मग सिस्टर माझ्या तोंडासमोर येऊन सावकाश म्हणाल्या, आजोबा, बरोबर कोण आलंय? मी म्हटलं, मी एकटाच आहे, पण मला चालता येतं. त्या म्हणाल्या, गुंगी द्यायची तर घरचं माणूस लागतंच, शेजारी असला तरी चालेल, कुणाचाही नंबर द्या, आम्ही बोलावतो. मी चष्मा लावून मोबाईल उघडला. लालासाहेबाची शालूबाई अंथरुणाला खिळलेली, तो तिला सोडून कसा येणार? दुकान विकल्यापासून गल्लीत माझं कुणाशी जाणं-येणं नाही. नावं वरखाली करत राहिलो. चंदनाचं नाव अजून त्यात आहे. सिस्टर बराच वेळ उभ्या होत्या. मग त्यांनीच हळूच सुई काढली.

घरी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. दोन दिवसांचं पोट रिकामं. कुकर लावला आणि ओट्यापाशी उभा राहिलो. शिट्टी व्हायच्या आत दिवस मावळला. गॅस बंद केला. भात सकाळी गाईला घातला.

तू रागावशील. मला आधीच कुणाला तरी विचारायला हवं होतं. जीभ वळली नाही. आता उन्हाळ्यानंतर बघू म्हणतो.

तुझा,
महावीर

—

सांगली,
१७ डिसेंबर २०२४

महावीर,

आशीर्वाद.

उन्हाळ्यानंतर काही नाही. तुझं पत्र वाचून मी जेवू शकले नाही. पोट रिकामं, वरून पाणीही नाही, तुला काही झालं असतं तर कुणाला कळलं असतं?

क्रांतीनं माझ्यासमोर तुझ्या दवाखान्यात फोन लावला. मीच बोलले. सोबतच्या माणसाला वयाची अट आहे का, विचारलं. नाही म्हणाले. चौऱ्याहत्तर चालेल का म्हटलं, तर पलीकडची मुलगी हसली. ७ जानेवारीची दुपारची वेळ घेतलीय. मी ५ तारखेला येते. क्रांती रेल्वेत बसवून देईल. स्टेशनवर तू ये, माझे गुडघे जिना उतरायला वेळ घेतात.

मधल्या दिवसांत वेळेवर जेव. रोज उन्हं असतानाच कुकर लाव.

आक्का

—

सांगली,
११ जानेवारी २०२५

चि. महावीर यास,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. गाडीत जागा मिळाली. तू दिलेली शिदोरी अर्ध्या वाटेतच संपली.

तुला गुंगीतलं काही आठवत नाही म्हणालास, म्हणून लिहिते. सकाळचं तर तुला ठाऊक आहे. मी तुला ऐकू जावं म्हणून ओरडत होते, अजून एक पेला, झाली का, रंग कसा आहे, आणि समोरच्या बाई गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं त्या भांडायला आल्या. तर थोड्या वेळानं त्यांनीच शहाळं पाठवलं. त्यांचं नाव संयोगिता. तू दहा वर्षं त्यांच्यासमोर राहतोस आणि तुला नाव माहीत नाही.

तुला आत नेल्यावर मी बाहेर बाकावर बसले. पाऊण तासानं डॉक्टर आले. म्हणाले, आतडं इतकं स्वच्छ होतं की सगळं नीट दिसलं. एक गाठ होती, बोराएवढी. ती दुर्बिणीतूनच काढली आणि तपासायला धाडली. हे तुला त्यांनी नंतर सांगितलं. पण मला सांगितलं तेव्हा मी त्यांच्याकडे बघून नुसती मान हलवत राहिले. आई कशानं गेली, ते आपल्या दोघांनाच माहीत आहे. आता ते आठवायला तू आणि मी, एवढेच उरलोय.

मग तुझ्याजवळ जाऊन बसले. तू डोळे न उघडता माझा हात धरलास आणि विचारलंस, चंदना, जेवलीस का? मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तू हसलास आणि परत झोपलास. माझ्या बांगड्या नसलेल्या हातावर तुझा हात बराच वेळ होता.

इथं आल्यावर घर उघडलं तर चार दिवसांच्या गोंगाटानंतर शांततेनंच कान भरल्यासारखे झाले. क्रांती तिच्या माहेरी गेलीय. पंचवीस तारखेच्या आसपास रिपोर्ट येईल म्हणालास. आला की लगेच लिही. मी पोस्टमनची वाट बघत असते, त्याला आता माझी दया यायला लागलीय.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आक्का

—

मलकापूर,
२४ जानेवारी २०२५

ती. आक्कास,
महावीरचा नमस्कार व जयजिनेंद्र. वि. वि.

रिपोर्ट आला. गाठ बिघडायला लागली होती, पण मुळासकट निघाली आहे. पुढं काही पसरलेलं नाही. वर्षानं परत बघायचं, बाकी औषध नाही, काही नाही. डॉक्टरांनी मला कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, काळजी नसावी. आणि म्हणाले, अजून दोनतीन वर्षं बसला असतात तर गोष्ट वेगळी असती.

दवाखान्यातून बाहेर पडलो तेव्हा रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. मी कडेला उभा राहिलो. इतकी चांगली बातमी माझ्याकडे होती आणि सांगायला कुणी नव्हतं. सन्मतीकडे कामाची वेळ, आणि त्याला तर पहिल्यापासून सांगावं लागणार. तेही सांगणार आहे, रविवारी. घरी आलो, चंदनाच्या फोटोपुढे कागद धरला. मग समोर जाऊन संयोगिताबाईंना सांगितलं. त्या बऱ्याच काही बोलल्या. मला ऐकू आलं नाही, पण त्यांचे डोळे भरले होते, त्यावरून अर्थ कळला.

मग तुला लिहायला बसलो. एवढं लिहून झालं आणि पाकिटावर पत्ता घालताना मनात आलं, हे तुला पोचायला तीन दिवस लागतील. तीन दिवस तू दाराशी उभी राहशील, आणि तुला हवं ते माझ्या खिशात असेल.

म्हणून तिकीट लावलेलं नाही. सकाळच्या गाडीनं निघतो. हे पत्र मी तुझ्या हातात देईन आणि तू चष्मा शोधून वाचेपर्यंत गप्प बसेन. वाचून झालं की मान वर कर. मी समोरच असेन.

तुझा,
महावीर