टाकीवरचा निळा रंग

बाबा, आज दुपारी आपल्या वॉशिंग सेंटरवर कोराडीच्या वीजकेंद्राकडून एक लाल ट्रक आला, राखेने पांढरा पडलेला. आधी पाण्याने राख उतरवायची, कोरडं फडकं लावलं की रंगावर ओरखडे पडतात, हे तुमचंच शिकवणं. तुम्ही गेल्यावरही मी तसंच करते. राख वाहून गेली तेव्हा अॅल्युमिनियमच्या डिझेल टाकीवर एक लांब ओरखडा दिसला, आणि त्यात निळा रंग. ड्रायव्हर माझ्या मागेच उभा होता. "ताई, थे पहिले घासा. टाकी आरशावानी पाहिजे." कुठे लागलं, असं मी विचारलं. "खांबाले." मी म्हटलं, "खांब निळा होता काय?" तो हसला नाही.

मला तुमचा तो दिवस आठवला. मी जेवणाचा डबा घेऊन आले आहे, तुम्ही टाकीसमोर उकिडवे बसला आहात, आणि तिच्यावर असाच दुसऱ्या गाडीचा रंग आहे, हिरवा. तुम्ही त्या ट्रकच्या ड्रायव्हरला म्हणता, "पॉलिश मारली का हा रंग जाईन. म्हणून मी मारत नाही. पहिले पोलीस ठाण्यात जाऊन ये गा." ड्रायव्हरच्या हातात पाना आहे. "तू धुणारा आहे ना बे? मंग धू चुपचाप!" तुम्ही दोन्ही हात बादलीत घालून बसून राहता. शेवटी तो शिव्या देत ट्रक घेऊन निघून जातो. मग तुम्ही माझ्यावरच ओरडता, "उभी काहून आहे? डबा ठेव अन् घरी जा."

मी पॉलिशचा डबा बंद केला, फाटकाला आतून कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली आणि ठाण्यात फोन केला. ड्रायव्हरने मालकाला लावला. "शेठ, बाई आयकूनच नाही राहिली." पोलीस आणि मालक, दोघेही येतो म्हणाले आहेत. तो ट्रकभोवती फेऱ्या मारतो आहे, आणि मी ऑफिसात बसून हे लिहिते आहे. निळ्या गाडीवर कोण होतं, रस्त्यावरून त्याला कोणी उचललं का, एवढंच डोक्यात येतं.

आत्ता फाटकाशी एक गाडी थांबली. कोणाची, ते इथून दिसत नाही. हा कागद घडी करून टेबलाच्या खणात टाकते, तो कुठे जायचा नाहीच. एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी मला वाटलं होतं, तुम्ही हात धुता आहात. मघाशी मीही माझे हात बादलीत घातले. थरथर पाण्यात दिसत नाही.