खून पुंजारामनं केला का, ते कळवावे

मिरजगावजवळची वाडी,
ता. कर्जत, जि. अहमदनगर
श्रावण वद्य चतुर्थी, १९७१

राधाकृष्णभाऊंना सूर्यभानचा मनापासून रामराम. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. इकडं सगळं ठीक आहे असं लिहायचा रिवाज आहे म्हणून तसं लिहिलं. ठीक काहीच नाही, पण तुम्ही घाबरू नका. (मी घाबरलो आहे तेवढं पुरे आहे.) तुमच्या गुडघ्याचं कसं काय? शेकत जा, अंगावर काढू नका. तुमची बहीण केशरबाई खुशाल आहे, तांबड्या गाईला कालवड झाली, पावसानं ओढ दिली आहे आणि बाजरी माना टाकून उभी आहे. आमच्या मनकर्णेचं लग्न शेजारच्या वस्तीवरच्या पुंजारामच्या भीमाशी ठरल्याचं मागच्या पत्रात कळवलंच होतं. तुळशीचं लग्न झालं की बार उडवायचा आणि मुलीचा मामा म्हणून तुम्ही तिच्या पाठीशी उभं राहायचं, असं सगळं पक्कं होतं. आता ते लग्न होतं की मोडतं याचा निकाल एका पुस्तकावर येऊन बसला आहे, आणि ते पुस्तक तुम्ही पाठवलेल्या ट्रंकेतलं आहे. मी तुम्हाला दोष देत नाही. (केशरबाई देते.)

झालं असं, की श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी वाचायचं काम आमच्या घराण्याकडं. वडील वाचायचे, आता मी वाचतो. यंदा श्रावण लागायच्या आदल्या दिवशी रुमाल सोडला, तर आत वाळवीनं पारायण उरकलेलं. कडा तेवढ्या शाबूत, मधला मजकूर फस्त. आधीच पाऊस नाही, त्यात पोथीही नाही म्हटल्यावर गाव दोन्हींचा हिशेब माझ्या नावावर मांडणार. नगरला जाऊन नवी आणायला वेळ नव्हता. तेव्हा मला तुमची ट्रंक आठवली. तुमच्या हापिसातल्या वाचनालयानं मोडीत काढलेली पुस्तकं तुम्ही ‘वाडीला वाचायला होतील’ म्हणून एस.टी.च्या टपावरून पाठवली होती, तीच. तोवर तिच्यावर केशरबाई कुरडयांचे डबे ठेवत होती.

भाऊ, मला वाटायचं जगात पुस्तकं दोनच प्रकारची, एक पोथी आणि दुसरी शाळेची. ट्रंक उघडली आणि माझ्या काळज्यांना नवी नवी शिवारं मोकळी झाली. पहिलं हाती आलं ते विलायतेच्या प्रवासाचं. लिहिणारा गृहस्थ बोटीत चढला आणि लगेच वादळ! घरी बायको-मुलं, वर आभाळ, खाली पाणी. हा आता घरी कसा पोचायचा म्हणून माझ्या घशाखाली भाकर उतरेना. शेवटी केशरबाई म्हणाली, पुस्तक लिहिलंय म्हणजे परत आला असणारच. हे मला सुचलंच नव्हतं. दुसरं पिकांवरच्या किडींचं, रंगीत चित्रांसह. ते घेऊन मी बाजरीत शिरलो आणि चित्रातला एकेक किडा मला समक्ष भेटला. (चित्रात नसलेलेही भेटले. त्यांची जास्त धास्ती वाटली.) तिसरं पक्वान्नांचं. केशरबाईनं मला त्यातलं एक पान वाचायला लावलं आणि म्हणाली, “एवढं तूप वतल्यावर माती बी ग्वाड लागंल,” आणि पुस्तक परत ट्रंकेत टाकलं. मग एक कवितेचं निघालं. त्यात सगळ्या ओळी निम्म्यातच तुटलेल्या पाहून मला वाटलं यालाही वाळवी लागली. शेवटी एक प्रेमाची कादंबरी निघाली. वयात आलेली पोर घरात आहे म्हणून ती मी घाईघाईनं कणगीमागं दडवली, तर मनकर्णा म्हणाली, “आबा, तिथं नका ठिवू, तिची शेवटची पानं आधीच सैल झाल्यात.” ही शेवटच्या पानांपर्यंत कशी पोचली, असं मी विचारायला हवं होतं. पण श्रावणाचा पहिला दिवस मावळायला आला होता.

मी तिलाच म्हटलं, बाई, यात देवाधर्माचं काही असेल तर बघ. तिनं शोधाशोधही केली नाही. तळातून एक हिरव्या पुठ्ठ्याचं पुस्तक काढलं आणि म्हणाली, “हे घ्या. सुरवातीलाच देऊळ हाय.” मी पहिलं पान वाचलं. खरंच देऊळ होतं, पहाट होती, घंटा वाजत होती आणि एक सालस विधवा बाई बंगल्यातून फुलांची परडी घेऊन दर्शनाला निघाली होती. माझा जीव भांड्यात पडला. रुमालात बांधून मी ते तडक देवळात नेलं.

आमच्या लंकाबाई तुम्हाला आठवत असतील. खांबाला टेकून बसतात, अक्षर एक येत नाही, पण पोथीचे सगळे नियम त्यांच्या पदराच्या गाठीला. त्यांनी पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं, माळ घातली, आणि मी पोथीच्या चालीवर सुरू केलं. (मला दुसरी चालच येत नाही.) पान उलटलं. बाई देवळाच्या पायरीपाशी पोचली आणि तिला तिथं बंगल्याच्या मालकाचं प्रेत दिसलं. मी ते त्याच चालीवर म्हणून गेलो, सुरा कुठवर रुतला होता तेही म्हणालो, आणि बायांनी हात जोडले. पुस्तक मिटून मी म्हटलं, चूक झाली, ही पोथी नव्हे, ही तर डिटेक्टिव्ह कादंबरी. लंकाबाई जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, “येकदा हळदकुकू वाह्यलं, आता ती पोथीच. मुडदा निघू दे न्हाईतर काई निघू दे, समाप्ती झाल्याबिगर सोडायची न्हाई.” झालं! पोथीचे नियम लागू झाले. सुरू केलेली अर्धवट सोडायची नाही, त्यातलं अक्षर बदलायचं नाही, आणि श्रोत्यांना मागं ठेवून पुढचं आधी वाचायचं नाही. वाचणाऱ्यानं पुढचं आधी वाचलं तर त्याचा घसा कायमचा बसतो असं वडील सांगायचे. रोज एक अध्याय झाला की लंकाबाई स्वतः रुमालाला गाठ मारतात आणि पुस्तक मारुतीच्या पायाशी ठेवतात. समाप्ती पोळ्याच्या आदल्या दिवशी.

पोथीला बसायला पूर्वी म्हातारी माणसंच यायची. आता जागा धरायला दुपारपासून घोंगड्या टाकून ठेवतात. ज्यांनी जन्मात देवळाचा उंबरा ओलांडला नाही असे लोक येऊन मारुतीला शेंदूर लावू लागले आहेत. हे सगळं बरंच चाललं होतं. पण बंगल्याच्या बागेतला माळी निघाला आणि घात झाला. लिहिणाऱ्यानं त्याला भरघोस मिशा दिल्या, हातात कोयता दिला, खुनाच्या पहाटे त्याला विहिरीपाशी उभं केलं, आणि नाव दिलं पुंजाराम.

आमचे होणारे व्याही पुंजाराम पुढच्या रांगेत बसले होते. मिशांसह. मी नाव वाचलं आणि अख्खं देऊळ त्यांच्याकडं वळलं. समईसुद्धा त्यांच्याच बाजूला झुकल्यासारखी मला दिसली. (ती नंतर सरळ केली. खरंच वाकडी होती.) दुसऱ्या दिवसापासून त्यांना वाटेत जो भेटेल तो विचारी, पुंजाराम, कोयता कुठं लपवला? ते सरळ आमच्या ओसरीवर आले. पाणी दिलं, घेतलं नाही. “येही, खुनाचं सोडा. पर मी दुसऱ्याच्या बंगल्यावर झाडास्नी पानी घालायला हाय व्हय? माझी सोताची हिर हाय. माझं नाव काढा त्यातनं, न्हाईतर सोयरीक मोडली समजा.” एवढं बोलून गेले. केशरबाई चुलीपाशी डोळे पुसू लागली. मनकर्णा जात्याशी बसली होती, तिनं मान वर केली नाही.

मी माझ्याकडून प्रयत्न केला. त्या दिवशी वाचताना पुंजारामच्या जागी पटकन गोरक्षनाथ असं म्हटलं. तर मागच्या कोपऱ्यातला खरा गोरक्षनाथ उठून उभा राहिला आणि शपथेवर सांगू लागला की आपण त्या पहाटे श्रीगोंद्याला उसाच्या गाडीवर होतो, साक्षीदार आणतो. लंकाबाईंनी माझ्याकडं नुसतं पाहिलं. मी ओळ मागं जाऊन पुन्हा पुंजाराम असं वाचलं. मग काल दुपारी सगळे रानात असताना शेवटचं पान बघावं म्हणून देवळात शिरलो. घशाचं काय व्हायचं ते होवो, पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे. गाठीला हात लावला तोच खांबामागून वाती वळत बसलेल्या लंकाबाईंचा आवाज आला, काय रं सूर्यभान? मी म्हटलं, वाळवी लागली का बघतोय. म्हणाल्या, कुनाला?

तर असं आहे. माझी झोप उडाली आहे. माझ्यासारख्या माणसानं जन्मभर कुणाचं वाकडं केलं नाही आणि आता रोज संध्याकाळी चारचौघांत, देवासमोर, आपल्या व्याह्यावर खुनाचा संशय वाढवत न्यायचा, तोही चालीवर! तुम्हाला एवढीच विनंती, की पुण्यातून एक चांगली, जुनी, ओळखीची, जिच्यात कुणी कुणाला मारत नाही किंवा मारलं तरी देवानंच मारलेलं असतं, अशी पोथी पुढच्या श्रावणासाठी पाठवून द्यावी. लोभ आहेच, तो ह्या प्रकारानंतरही तसाच ठेवावा.

तुमचा,
सूर्यभान

ता. क. पोथीची घाई नाही. खरं काम वेगळंच आहे. हिरव्या पुठ्ठ्याचं ते पुस्तक तुम्ही पूर्वी वाचलं असेल, नसेल तर पुण्यात कुठंतरी दुसरी प्रत मिळेलच. त्याचा शेवट बघून खून पुंजारामनं केला का, ते उलट टपाली कळवा. केला नसेल तर ‘प्रकृती उत्तम’ अशी तार करा. केला असेल तर ‘प्रकृती गंभीर, ताबडतोब निघा’ अशी करा, म्हणजे मला समाप्तीआधी गावाबाहेर पडायला कारण होईल. तुम्ही कळवलंत तर मी आधी वाचलं असं होत नाही. (मी हे सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलं आहे.)

ता. क. दुसरा. पत्र पेटीत टाकायला निघालो तोच पुंजाराम पुन्हा आले. या खेपेला पाणी घेतलं, चहाही घेतला. भाऊ, मामला उलटा झाला आहे. खुनाचा संशय पक्का होत चालल्यापासून गावात त्यांचं वजन वाढलं आहे. सोसायटीत सेक्रेटरी खुर्ची देतो, न्हावी त्यांना आधी बसवतो, बाजारात माणसं वाट सोडतात. जन्मभर त्यांना कुणी ‘या’ म्हटलं नव्हतं. ओसरीवर बसून मिशांवरून हात फिरवत म्हणाले, “येही, आता खून मीच केला असं निघालं पायजे. न्हाईतर मी गावात त्वांड कसं दावू? दुसरा कुनी निघाला तर सोयरीक मोडली समजा.” तेव्हा वरच्या तारेचा मजकूर उलटा समजावा. म्हणजे खून केला असेल तर प्रकृती उत्तम.

ता. क. तिसरा. हे पत्र मनकर्णेला पाकिटात घालायला दिलं, तर तिनं ते वाचलं. (तिच्या हाती आलेलं काही वाचायचं राहत नाही, हे मला आता समजलं.) म्हणाली, “मामाला कशाला तरास? मी सगळी ट्रंक वाचलीय, हे बी. पोथी बसवायच्या आदी.” मी म्हटलं, मग सांग बाई, पुंजारामनं खून केला का? म्हणाली, “न्हाई आबा. तो शेवटच्या पानावर बी जास्वंदीला पानी घालतोय.” म्हटलं, अगं, नाव माहीत असताना तू हेच पुस्तक मला दिलंस? मग म्हणाली, “तुमी समद्यांनी भीमाला इचारलं, त्याच्या आईला इचारलं, देवाला कौल लावला. मला कुनी इचारलंच न्हाई. मला अजून शिकायचंय.”

भाऊ, मी आयुष्यभर सगळ्याची काळजी करत आलो. बोटीतल्या परक्या माणसाचीसुद्धा केली. हे एक तेवढं माझ्या मनातच आलं नव्हतं. फार वाईट वाटलं. केशरबाई पुन्हा रडली, पण या खेपेला पोरीला जवळ घेऊन रडली. आता पुंजाराम आपल्याच तोंडानं सोयरीक मोडतील, त्यांना काय वाटायचं ते वाटो. पोथीतलं अक्षर मला बदलता येत नाही, लंकाबाई समोर बसलेल्या असतात. मनकर्णा अकरावी पास आहे. तिचं मास्तरणीचं शिक्षण होईपर्यंत तुमच्या घरात तिला जागा होईल का, तेवढं कळवा. तिच्या पाठीशी उभं राहायचं तुम्ही कबूल केलंच होतं. पोळा झाला की तिला एस.टी.त बसवून देतो. ट्रंक तिच्याबरोबर येईल. ती वांगं खात नाही, वहिनींना सांगा.

ता. क. शेवटचा. खून कुणी केला ते मात्र ती सांगायला तयार नाही. म्हणते, पोथी पुढची आधी ऐकायची नसते. पोळ्याला अजून अवकाश आहे, माझा तोवर दम निघत नाही. नुसतं नाव कळवा. तार करा.