ताईचं बरोबर आहे

चिरंजीव धाकट्यास,

अठरा मे, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तू भरवर्गात माझं म्हणणं मान्य केलंस. याला मी गुन्हा म्हणते.

कॉलेजच्या मुलांसाठी तू उदारमतवादी विचारांचं उन्हाळी शिबिर घेतोस आणि शेवटच्या दिवशी त्यांच्यासमोर आपण भांडतो. तू म्हणायचं, माणसाला त्याच्या मर्जीनं जगू द्या. मी विचारायचं, मग आजाऱ्यांकडे कोण बघणार? "कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी हिला रांगेत उभं केलं, ती अजून तिथंच उभी आहे!" असं म्हणून तू माझ्या चिंधड्या उडवायचास.

या वेळी खुर्चीचा आधार घेत नुसतं म्हणालास, "ताईचं बरोबर आहे." मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र दिसलं, वाद घालायला तुला दमच पुरत नव्हता.

मग जिन्यात तुझ्या बायकोनं सांगितलं. डॉक्टर उपाय आहे म्हणतात आणि तू उपचार नाकारलेस. म्हणे, "माझं शरीर, माझी मर्जी." अरे शहाण्या, मग मी भांडू कुणाशी?

रविवारी दुपारी बाराच्या आत लेखी उत्तर दे. दवाखान्यात कधी जातोस? जाणार नसशील, तर का ते मुद्देसूद लिही. एकेक मुद्दा खोडून काढते. फक्त "ताई, तुझं बरोबर" असं लिहून जागच्या जागी बसू नकोस. त्याच भीतीनं हे पत्र पेटीत टाकायला हात धजत नाही.

वर चिरंजीव लिहिलंय, ते नुसतं रीत म्हणून नाही.

तुझी कायमची विरोधक,
ताई